शिशाच्या शिपायांचा रंग

व्याख्यान संपले, की काही मंडळी लगबगीने घराकडे निघतात आणि काही व्यासपीठाच्या पायरीशी रेंगाळतात. रेंगाळणाऱ्यांपाशी बहुधा एखादा प्रश्न असतो, आणि तो चारचौघांत विचारण्याजोगा नाही असे त्यांना वाटत असते. आमचा अनुभव असा, की असे प्रश्नच पुष्कळदा खरे प्रश्न असतात. एकदा गोदाकाठच्या व्याख्यानानंतर एक वृद्ध गृहस्थ असेच थांबले. हातात बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा आणि बरोबर बारा वर्षांचा नातू. डबा उघडून ते म्हणाले, "आपण इतिहासाची माणसे. एवढे सांगा, हे पुन्हा रंगवून घ्यावेत की नाही?"

डब्यात जुन्या साडीच्या चिंध्यांत गुंडाळलेले शिशाचे तेवीस शिपाई होते. बोटभर उंचीचे, अंगात तांबडा कोट, डोक्यास फेटा, खांद्यावर बंदूक. काहींचा रंग बव्हंशी शाबूत होता. काहींचा असा उडाला होता, की धातूचा करडेपणा वर आला होता. एकाचे तुटलेले डोके आगकाडीची कांडी आत खुपसून पुन्हा बसविले होते. एकाला बंदूकच नव्हती. आणि तिघांच्या गळपट्टीवर व बाह्यांच्या टोकांवर कोणीतरी जाड हाताने काळा रंग फासला होता. बाकीचे रंगकाम नाजूक, हा काळा मात्र ओबडधोबड. पाहताच परक्या हाताचा वाटावा असा.

गृहस्थांच्या वडिलांनी हे शिपाई १९४७ च्या सुमारास देवळाली कॅम्पात, परत निघालेल्या एका गोऱ्या कुटुंबाच्या सामानाच्या लिलावात घेतले, असे घरात सांगत. नातवाच्या मनात त्यांना झकास रंगवून मित्रांबरोबर टेबलावर लढाई मांडायची होती. आजोबांचे मत, जसे आहेत तसे राहू द्यावेत. घरातील सुनेचे म्हणणे, निदान तो काळा डाग तरी खरवडून काढावा; कोणा पोराचा चाळा दिसतो. नातू आमच्याकडे वळून म्हणाला, "आबा म्हणतात खेळू नको. मग खेळणं कशासाठी असतं?"

प्रश्न बिनतोड होता. पायरीवर उभे राहून त्याचे उत्तर देणे आम्हांस साधले नाही. पुढे त्यावर जो विचार केला, तो येथे मांडीत आहोत. विषय पोरखेळाचा दिसेल. परंतु जुनी वस्तू नवी करावी की जुनी ठेवावी, हा पेच आपल्या देवळांपुढे, वाड्यांपुढे आणि लेण्यांपुढेही उभा आहे. तो आधी एका डब्यात सोडवून पाहणे बरे.

माणसाने लहान सैनिक केव्हापासून केले? इजिप्तमध्ये असियूत येथे मेसेहती नावाच्या अधिकाऱ्याचे सुमारे ४,००० वर्षांपूर्वीचे थडगे सापडले. त्यात लाकडी सैनिकांच्या दोन तुकड्या होत्या: चाळीस इजिप्शियन भालाईत आणि चाळीस न्यूबियन तिरंदाज. त्या आज कैरोच्या संग्रहालयात आहेत. भालाइतांची अंगे तांबूस, तिरंदाजांची काळी. आणि भालाइतांच्या ढाली गुरांच्या कातड्यासारख्या रंगविलेल्या. मौज ही, की त्या ढालींवरचे ठिपके व पट्टे एकसारखे नाहीत. रंगविणाऱ्याने खऱ्या ढाली पाहिल्या होत्या. कोणी सद्हेतूने "जरा नीटनेटके करू" म्हणून त्या साऱ्या ढाली एका रंगाच्या केल्या असत्या, तर सैन्य अधिक कवायती दिसले असते, पण चार हजार वर्षांपूर्वीच्या ढाली खऱ्या कशा दिसत हे सांगणारी साक्ष पुसली गेली असती.

तथापि रंगाचे काम नेहमीच साक्षीचे असते असे नाही. आपले बुद्धिबळ घ्या. मूळचे ते चतुरंग. हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ या सेनेच्या चार अंगांचा खेळ. आपल्याकडील कित्येक जुन्या डावांत एक बाजू तांबडी व दुसरी हिरवी असे. तेथे तांबड्याचा अर्थ इतकाच, की तो हिरवा नव्हे. रंग उडालेले प्यादे पुन्हा तांबडे केले, तर इतिहासाची काडीमात्र हानी होत नाही. उलट डाव सुरू राहतो.

युरोपात युद्धाचा खेळ शिक्षणासाठी वापरला गेला तो प्रशियात. राइसविट्झ या गृहस्थांनी १८१२ मध्ये असा खेळ राजापुढे मांडला, आणि त्यांच्या लष्करातील मुलाने १८२४ मध्ये त्याचे नियम सुधारून छापले. नकाशा १:८००० या प्रमाणाचा, आणि त्यावर पलटणींच्या जागी लहान ठोकळे: एका पक्षाचे निळे, दुसऱ्याचे तांबडे. ना नाक, ना डोळे, ना फेटा. तरीही त्यावर सेनाधिकारी घडले. युद्धाच्या सरावात आपला पक्ष निळा व शत्रू तांबडा, ही रीत पुढे अनेक देशांत रूढ झाली. येथेही रंग पक्ष ओळखण्यापुरता.

शिशाचे शिपाई घरोघर गेले ते निराळ्या कारणाने. जर्मनीत कथलाचे चपटे शिपाई अठराव्या शतकापासून होत असत. १८९३ मध्ये लंडनच्या विल्यम ब्रिटन यांच्या कारखान्याने पोकळ ओतकामाची युक्ती काढली. वितळलेला रस साच्यात ओतावयाचा, बाहेरचा थर गोठला की आतला रस लगेच परत ओतून घ्यावयाचा. राहते ते पोकळ कवच. धातू कमी लागला, वजन कमी झाले, किंमत उतरली, आणि मध्यम वर्गाच्या मुलाच्या हाती सबंध पलटण आली. त्या कारखान्याचा बाणा असा, की प्रत्येक पेटीतील शिपाई अमुक एका पलटणीचा असावयाचा आणि त्याचा पोशाख त्या पलटणीचाच असावयाचा. हिंदुस्थानी पलटणींच्याही पेट्या निघाल्या. १९१३ मध्ये एच्. जी. वेल्स यांनी अशाच शिपायांनी खेळावयाच्या लढाईचे नियम 'लिटल वॉर्स' या पुस्तकात दिले. त्यात स्प्रिंगच्या तोफेतून लाकडी गोळे उडवून शिपाई खरोखर पाडावयाचे असत. खऱ्या युद्धापेक्षा हे लहान युद्ध शतपट शहाणपणाचे, असा त्यांचा रोख होता. पुढच्याच वर्षी महायुद्ध पेटले. म्हणजे खेळासाठी केलेल्या या वस्तूंत पक्ष ओळखविणारा रंग आणि पलटणीची साक्ष देणारा रंग हे दोन्ही एकाच कोटावर येऊन बसले. आमच्या गृहस्थांच्या डब्यातील सारा घोटाळा येथून सुरू होतो.

या दोन रंगांना आपण सोयीसाठी खेळाचा रंग आणि साक्षीचा रंग म्हणू. खेळाचा रंग उडाला, तर पुन्हा द्यावा. साक्षीचा रंग उडाला, तर उरला असेल तेवढा सांभाळावा. कारण नवा रंग कितीही हुबेहूब दिला, तरी ती साक्ष आपली होते, जुन्या माणसाची राहात नाही.

खेळाच्या रंगाचे उत्तम उदाहरण आपल्या अंगणातच आहे. दिवाळी आली, की नाशकाच्या गल्ल्यांतून मुले दगडमातीचे किल्ले रचतात. बुरुजांवर अळीव व मोहरी पेरतात. कुंभाराकडून मावळे, तोफा, गुहेतला वाघ आणि सिंहासनावरचे महाराज आणतात. गेल्या वर्षीचे मावळे माळ्यावरून खाली येतात; कोणाचा हात मोडलेला, कोणाचा अंगरखा पुसलेला. मुले गेरू, चुना किंवा हाताशी असेल तो रंग घेऊन त्यांना नवे करतात. गेल्या वर्षीचा निळा मावळा यंदा पिवळा होतो. यात कोणाचे काय बिघडते? शिवकालातील मावळ्यांना एकरंगी गणवेश नव्हताच. मातीच्या मावळ्याचा रंग हा गणवेशाचा पुरावा नसून पोराच्या उत्साहाचा पुरावा आहे, आणि तो दरसाल ताजा असावा हेच योग्य. अशा मावळ्याला काचेच्या कपाटात बंद करून "हात लावू नये" अशी पाटी लावली, तर तो मावळा वाचेल, किल्ला मात्र मरेल. तेव्हा नातवाचे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही, हे प्रथम मान्य केले पाहिजे.

आता साक्षीचा रंग कसा असतो, ते पाहू. मराठा लाइट इन्फन्ट्रीची दुसरी पलटण 'काळी पाचवी' या नावाने प्रसिद्ध आहे. मुंबईच्या कंपनी सरकारने उभारलेल्या पलटणींपैकी ही एक. पुढे ती मुंबई लष्कराची पाचवी पलटण म्हणून ओळखली जाऊ लागली. १९०३ च्या फेररचनेत तिला १०५ हा क्रमांक मिळाला आणि १९२२ मध्ये पुन्हा नवा. क्रमांक बदलत गेले, नाव टिकले. त्यातील 'पाचवी' म्हणजे जुना क्रमांक. 'काळी' हे विशेषण आले कोटाच्या गळपट्टीच्या व बाह्यांच्या काळ्या रंगावरून. त्या काळात तांबडा कोट पुष्कळ पलटणींना सारखाच असे. कोणाची गळपट्टी पिवळी, कोणाची हिरवी, कोणाची काळी. त्या दोन बोटे कापडावरून पलटण ओळखावयाची. पुढे खाकी आली, तांबडे कोट गेले, परंतु जवानांच्या तोंडी 'काळी पाचवी' राहिली. कापडाचा रंग कापड गेल्यावरही नावात जगला, असे हे उदाहरण आहे.

आता कल्पना करा, की एखाद्या खेळण्यातल्या शिपायाची अशी गळपट्टी आपण उजळ दिसावी म्हणून पिवळी केली. शिपाई तोच राहील, पण त्याची पलटण बदलेल. खेळात काही फरक पडणार नाही, आणि इतिहासात मात्र एक माणूस चुकीच्या रांगेत उभा राहील.

येथपर्यंत विचार आला, तेव्हा आम्हांस त्या तीन काळ्या गळपट्ट्या आठवल्या. आम्ही त्या गृहस्थांना पुन्हा बोलावून घेतले आणि विचारले, "आपले वडील काय करीत?" ते म्हणाले, "फौजेत होते. शिपाई म्हणून लागले, नाईक म्हणून सुटले." "कोणत्या पलटणीत?" गृहस्थ क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, "काळी पाचवी म्हणत. घरात हे नाव इतक्यांदा ऐकले, की त्याचा अर्थ विचारावा असे कधी वाटलेच नाही."

तो काळा डाग मग आम्ही भिंगाखाली पाहिला. जेथे तो उडाला होता, तेथे खालून कारखान्याचा पिवळा डोकावत होता. म्हणजे काळा मागाहून दिलेला. लिलावात घेतलेल्या परक्या शिपायांपैकी तीन त्या नाईकाने स्वतःच्या पलटणीत भरती करून घेतले होते. तो स्वतः खाकीतला जवान. तांबडा कोट त्याने अंगावर चढविला नसेल, परंतु पलटणीची आठवण त्याला नावातून पोहोचली होती, आणि तांबड्या कोटाला गळपट्टी काळी हवी हे त्याने अचूक साधले होते. त्याने हे केल्याचे कोणी पाहिले नव्हते, हे खरे. परंतु जुळते ते इतके जुळते, की आम्ही तरी दुसरा कोणी रंगारी शोधावयास गेलो नाही.

यावरून एक गोष्ट आमच्या ध्यानी आली. साक्षीचा रंग म्हणजे मूळचाच रंग, असे आम्ही समजत होतो. ते पुरते खरे नाही. वरून दिलेला रंगही साक्ष देतो. मूळ कारखान्याचा पिवळा एका व्यापाराचा इतिहास सांगतो. वरचा काळा एका माणसाचा.

हाच पेच आपल्या जिल्ह्याने अलीकडे फार मोठ्या प्रमाणावर पाहिला. वणीच्या गडावरील सप्तशृंगी देवीच्या मूर्तीवर पिढ्यान्‌पिढ्यांच्या शेंदूरलेपनाची पुटे चढली होती. २०२२ च्या पावसाळ्यात देवस्थानाने तज्ज्ञांच्या हातून व धार्मिक विधिपूर्वक ती उतरविली. हजार किलोंहून अधिक शेंदूर निघाला, आणि कातळात कोरलेले अष्टादशभुजेचे मूळ रूप पुढे आले. घटस्थापनेला दर्शन खुले झाले, तेव्हा कित्येकांना देवीचे हे रूप नवे वाटले. वस्तुतः तेच जुने होते. आपल्या ओळखीचे होते ते नंतरचे. येथे शेंदूर चढविणाऱ्यांना दोष देता येत नाही. तो चढविणे हीच त्यांची सेवा होती. आणि उतरविणाऱ्यांनाही दोष देता येत नाही; लेपाची झीज होऊन मूर्तीलाच जपणे जरूर झाले होते. तात्पर्य, चढविणे असो की उतरविणे असो, ते आवश्यकता पाहून आणि जाणकाराच्या हातून व्हावे, खाली काय आहे व वर काय आहे हे दोन्ही जाणून व्हावे. हौसेने होऊ नये.

चांगल्या हेतूने केलेले काम कसे अंगाशी येते, ते अजिंठ्याला दिसले. १९२० ते १९२२ या वर्षांत निजाम सरकारने चेक्कोनी व ओर्सिनी या दोन इटालियन तज्ज्ञांना बोलावून चित्रे पक्की करविली. निघू पाहणारा गिलावा त्यांनी सावरला, हे त्यांचे श्रेय मोठे आहे. परंतु चित्रांवर दिलेले लाखेचे रोगण काळाने पिवळे व मळकट झाले, आणि ते उतरविण्यात पुढल्या पिढ्यांच्या रसायनतज्ज्ञांची वर्षे गेली. रोगण देताना चित्र झळाळले असणार. परिणाम दिसला तो नंतर.

आणि खेळण्यांचे नव्हे, पण सैनिकांचेच उदाहरण हवे असेल, तर चीनमध्ये शिआन शहराजवळ १९७४ मध्ये विहीर खणताना सापडलेले मातीचे सैन्य पाहा. पहिल्या सम्राटाच्या थडग्याजवळचे हे हजारो सैनिक मूळचे चकचकीत रंगविलेले होते. जमिनीखालच्या ओलाव्यातून ते वर आले, की रंगाखालचा लाखेसारखा थर काही मिनिटांत सुकून वळू लागे आणि रंग गळून पडे. पुढे तज्ज्ञांनी उरलेला रंग धरून ठेवण्याचे उपाय शोधले. परंतु ज्यांचा रंग गेला, त्यांना त्यांनी पुन्हा रंगविले नाही. सैन्य रंगीत कसे दिसे हे लोकांना दाखविण्यासाठी निराळ्या प्रतिकृती करून त्या रंगविल्या. आमच्या मते या एका निर्णयात आपल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर आहे. मूळ वस्तू साक्षीसाठी, प्रतिकृती खेळासाठी.

आता ज्यांच्या घरी असा एखादा डबा असेल, त्यांच्यासाठी व्यवहाराच्या चार गोष्टी. पहिली, ब्रश हाती घेण्यापूर्वी भिंग हाती घ्यावे. रंग उडाला आहे त्या कडेला किती थर आहेत, कोणता खाली व कोणता वर, हे पाहावे आणि प्रत्येक शिपायाचे चारी बाजूंनी छायाचित्र घ्यावे. दुसरी, घरातील वडीलधाऱ्यांना विचारून ही वस्तू कोठून आली ते वहीत लिहून ठेवावे. तिसरी, जे परत फिरविता येणार नाही ते करू नये. रंगावर धूळ बसली, तर मऊ कोरड्या ब्रशाने झटकता येते. खरवडलेला रंग परत बसविता येत नाही. चौथी गोष्ट जिवाची आहे. शिसे विषारी असते आणि त्या काळच्या रंगांतही ते असू शकते. म्हणून असे शिपाई कानशीने किंवा पॉलिश कागदाने कदापि घासू नयेत, हाताळल्यावर हात धुवावेत, आणि लहान मुलांच्या हाती खेळावयास देऊ नयेत. ताज्या लाकडातून व प्लायवुडमधून आंबट वाफा निघतात. दमट हवेत त्यांनी शिशावर पांढरी भुकटी धरते व आतून धातू खाल्ला जातो. नाशकाच्या पावसाळ्यात लाकडी कपाटापेक्षा कोरडा पत्र्याचा डबा बरा. त्या नाईकाने बिस्किटांचा डबा निवडला, तो नकळत उत्तम निवडला.

मग त्या तेवीस शिपायांचे काय झाले? आम्ही सांगितले ते असे: एकालाही रंग देऊ नये. ज्यांचा रंग पार गेला आहे, त्यांनाही नको. कारण डब्यातील बाकीच्यांबरोबर ते एकच पेटी आहेत, आणि उडालेला रंग कोणाच्या तरी खेळून झालेल्या दुपारींचा हिशेब आहे. काळा डाग तर मुळीच खरवडू नये. परंतु नातवाला रित्या हाताने परत पाठवू नये. त्याच्यासाठी कुंभाराकडून वीस-पंचवीस कोरे शिपाई आणावेत, जुने शिपाई नमुन्यादाखल समोर ठेवावेत, आणि त्याने स्वतः ते रंगवून खुशाल लढाई मांडावी. खेळणे खेळण्यासाठीच असते, हे त्याचे म्हणणे आम्हांस पूर्ण मान्य आहे. मात्र काही खेळणी आपला खेळ खेळून निवृत्त झालेली असतात, आणि निवृत्त शिपायाला पुन्हा पाठीवर ओझे देऊन कवायतीला उभे करू नये.

सूनबाईंनी काळ्या डागाचा आग्रह सोडला. नातवाची समजूत एवढ्याने पटली की नाही, ठाऊक नाही. दिवाळीत त्यांच्याकडे गेलो, तेव्हा अंगणात किल्ला होता आणि बुरुजांवर कोऱ्या मातीचे रंगविलेले शिपाई उभे होते. मावळ्यांच्या किल्ल्यात तांबड्या कोटाचे शिपाई पाहून इतिहासाचा अभ्यासक म्हणून आम्ही थोडे दचकलो. मग खाली वाकून पाहिले. साऱ्यांच्या गळपट्ट्या काळ्या होत्या. आम्ही काही बोललो नाही.